एकशे एकोणपन्नासची किंमत

२० मे २०२३ रोजी शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सचा माइक श्लोसर १५० पैकी १४८ गुण करून अंतिम सामना हरला. तेव्हा तो जागतिक क्रमवारीत पहिला होता. समोर उभा होता बुलढाण्याचा १९ वर्षांचा प्रथमेश जावकर. त्याचे गुण झाले १४९.

अशा वेळी आपल्याकडे ‘सुवर्णवेध’ हा मथळा तयारच असतो. तो छापून येतो, सोबत फोटो येतो आणि विषय मिटतो. क्रिकेटचा धावफलक आपण चेंडूगणिक वाचतो, कबड्डीत कोणत्या चढाईला सामना फिरला ते पानटपरीवर सांगू शकतो. पण धनुर्विद्येत पदक मोजून मोकळे होतो. खरी गंमत पदकाच्या खाली लिहिलेल्या आकड्यांत असते. २०२३ चा कंपाउंड धनुर्विद्येचा हंगाम तर सगळा त्या आकड्यांतच आहे, आणि त्यातली बरीच नावे महाराष्ट्रातली आहेत: बुलढाण्याचा प्रथमेश, नागपूरचा ओजस देवतळे, साताऱ्याची अदिती स्वामी.

हे धनुष्य वेगळे

ऑलिम्पिकमध्ये आजवर आपण पाहिलेले धनुष्य म्हणजे रिकर्व्ह. टोकाशी उलटी वळलेली पाती, बोटांनी ओढलेली दोरी. दीपिका कुमारी, अतनू दास यांच्या हातात दिसते ते.

कंपाउंड ही अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातील हॉलिस विल्बर ॲलन या माणसाची कल्पना. त्याला १९६९ साली पेटंट मिळाले. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना लंबगोल चाके असतात, त्यांना कॅम म्हणतात. दोरी ओढायला लागले की सुरुवातीला पूर्ण वजन खांद्यावर येते. नियमानुसार ते जास्तीत जास्त ६० पौंड असू शकते. दोरी पूर्ण मागे आली की कॅम फिरतात आणि ताण एकदम उतरतो. मूळ वजनाचा लहानसा हिस्साच हातावर उरतो. त्यामुळे खेळाडूला दोरी ताणून स्थिर उभे राहता येते. दोरी बोटांनी सोडायची नसते. त्यासाठी हातात रिलीज नावाचे छोटे यंत्र असते. दोरीत बारीक भोक असलेली पीप बसवलेली, समोर भिंगाची स्कोप, आणि धनुष्य तिरपे झाले तर लगेच कळावे म्हणून पातळीचा बुडबुडा.

इतके सगळे असल्यावर नेम यंत्रच धरते, असा टोमणा रिकर्व्हवाले मारतात. त्यात थोडे तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकतो. यंत्राने चुका कमी केल्या, म्हणूनच उरलेली प्रत्येक चूक महाग झाली. सगळेच दहा मारत असतील तर जो नऊ मारतो तो हरतो.

गुण कसे मोजतात

पुढचे सगळे आकडे यावर उभे आहेत, म्हणून एकदा नीट पाहून घेऊ.

अंतर ५० मीटर. दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटीमीटर व्यासाचे, म्हणजे साधारण चहाच्या कपाच्या तोंडाएवढे. त्याच्या आत ४ सेंटीमीटरचे आणखी एक वर्तुळ असते, त्याला एक्स म्हणतात. गुण त्याचेही दहाच. बाण दोन वर्तुळांमधल्या रेषेला नुसता टेकला तरी वरचे गुण मिळतात. म्हणून अटीतटीच्या सामन्यात पंच टार्गेटजवळ जाऊन, वाकून, भिंगातून रेष बघतात आणि खेळाडू ५० मीटरवर हात बांधून उभा असतो.

वैयक्तिक सामन्यात प्रत्येकाला १५ बाण. तीन बाणांचा एक एंड, असे पाच एंड. दोघे आळीपाळीने मारतात आणि प्रत्येक बाणाला २० सेकंद मिळतात. रिकर्व्हमध्ये प्रत्येक सेट जिंकायचा असतो, त्यामुळे एक वाईट सेट मागे टाकता येतो. कंपाउंडमध्ये ती सोय नाही. इथे पहिल्या बाणापासूनची बेरीज चालते. दुसऱ्या बाणाला गेलेला एक गुण पंधराव्यापर्यंत सोबत राहतो.

सांघिक सामन्यात तिघांचे मिळून २४ बाण, म्हणजे २४० गुण. मिश्र जोडीचे १६ बाण, १६० गुण. पात्रता फेरी ७२ बाणांची, ७२० गुणांची. बरोबरी झाली तर शूट-ऑफ. वैयक्तिक सामन्यात एकेक बाण, आणि तोही सारखा पडला तर केंद्राच्या जवळ कोण ते मोजून निकाल.

आता १४९ कडे परत बघा. १५ बाणांत १४९ व्हायला एकच वाट आहे: चौदा दहा आणि एक नऊ. शांघायच्या अंतिम सामन्यात प्रथमेशचा एकच बाण दहाच्या बाहेर गेला.

पहिले वळण: शांघाय

विश्वचषकाचा हंगाम टप्प्यांत चालतो. २०२३ मध्ये एप्रिलात तुर्कीतले अंताल्या, मेमध्ये शांघाय, जूनमध्ये कोलंबियातले मेदेयीन, ऑगस्टमध्ये पॅरिस, आणि सप्टेंबरमध्ये निवडक खेळाडूंची अंतिम फेरी मेक्सिकोतल्या एर्मोसियोला. मधे जुलैअखेर बर्लिनची जागतिक स्पर्धा, शेवटी ऑक्टोबरात हांगचौच्या आशियाई क्रीडा स्पर्धा. सहा महिन्यांत इतके.

अंताल्यात विजयवाड्याच्या ज्योती सुरेखा वेन्नमने वैयक्तिक सुवर्ण घेतले आणि ओजससोबत मिश्र गटाचेही. भारताचा कंपाउंड संघ जोरात आहे हे तिथेच कळले होते. तरी पुरुषांच्या वैयक्तिक गटात सगळ्यांच्या नजरा श्लोसरवर होत्या. त्याला ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणतात आणि ते उगाच नाही: २०१५ मध्ये फ्रान्समधल्या नीम इथे इनडोअर स्पर्धेत त्याने ६० बाणांत ६०० पैकी ६०० केले. हे करणारा तो पहिलाच.

अशा माणसाविरुद्ध अंतिम सामन्यात तरुण खेळाडू बहुधा पहिल्या दोन एंडमध्येच एखादा नऊ, एखादा आठ देऊन बसतो. प्रथमेशने तसे केले नाही. चंद्रकांत इलग यांच्या मार्गदर्शनाखाली बुलढाण्यात घडलेल्या या मुलाने सबंध सामन्यात एक गुण सोडला, श्लोसरने दोन. १४९-१४८.

माझ्या मते शांघायचे महत्त्व सुवर्णापेक्षा त्यानंतरच्या चार महिन्यांत आहे. जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू हरवता येतो, हे एकदा हाताला कळले की पुढच्या वेळी धनुष्य उचलताना खांदा वेगळा उठतो.

साताऱ्याचा विक्रम

मेदेयीनला पुरुषांचे वैयक्तिक सुवर्ण दिल्लीच्या अनुभवी अभिषेक वर्माने घेतले. पण त्या स्पर्धेतला लक्षात ठेवायचा आकडा ७११ आहे. पात्रता फेरीत अदिती स्वामीने ७२० पैकी ७११ गुण केले आणि १८ वर्षांखालील जागतिक विक्रम मोडला. ७२ बाणांत फक्त नऊ गुण गेले. पुढच्याच महिन्यात आयर्लंडमधल्या लिमरिकला ती युवा जगज्जेती झाली.

विक्रम आणि वळण यांत फरक असतो, तो इथे दिसतो. ७११ हा विक्रम. तो पात्रता फेरीत झाला, समोर प्रतिस्पर्धी नव्हता. वळण यायचे होते बर्लिनला.

बर्लिन: १४९ जिंकते आणि १४९ हरते

४ ऑगस्टला ज्योती, परनीत कौर आणि अदिती यांनी मेक्सिकोला २३५-२२९ असे हरवले. जागतिक स्पर्धेच्या इतिहासातले भारताचे ते पहिले सुवर्ण. १९३१ पासून ही स्पर्धा चालू आहे, एवढे सांगितले की पुरे.

दुसऱ्या दिवशी वैयक्तिक सामने. उपांत्य फेरीत अदितीसमोर तिचीच सहकारी ज्योती. अदितीने १४९-१४५ असा सामना घेतला. अंतिम सामन्यात मेक्सिकोची आंद्रेया बेसेरा. तिथेही अदितीचे १४९, बेसेराचे १४७. सतरा वर्षांची मुलगी वरिष्ठ गटाची जगज्जेती. लागोपाठ दोन सामन्यांत, तेही एका दिवसात, ३० बाणांपैकी फक्त दोन बाण दहाच्या बाहेर. हे मला तिच्या ७११ पेक्षा मोठे वाटते.

त्याच दिवशी पुरुषांच्या अंतिम सामन्यात पोलंडच्या लुकाश प्शिबिल्स्कीने १४९ केले. चौदा दहा, एक नऊ. शांघायला याच गुणांवर प्रथमेशने सुवर्ण घेतले होते, अदितीने इथेच जगज्जेतेपद. प्शिबिल्स्कीला मात्र रौप्य मिळाले, कारण समोर ओजस देवतळेने १५० केले होते. पंधरा बाण, पंधरा दहा. जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात यापेक्षा जास्त गुण करता येत नाहीत.

ओजस मूळचा नागपूरचा. पण तो आणि अदिती दोघेही साताऱ्याच्या दृष्टी अकादमीत, प्रवीण सावंत यांच्याकडे शिकलेले. एकाच प्रशिक्षकाचे दोन विद्यार्थी एकाच दिवशी जगज्जेते होतात, ही गोष्ट कोणत्याही खेळात दुर्मीळच.

प्रथमेशसाठी बर्लिन कोरडे गेले. पुरुष संघाला तिथे पदक मिळाले नाही.

पॅरिस, थोडक्यात

दोन आठवड्यांनी पॅरिसला तोच पुरुष संघ (अभिषेक, ओजस, प्रथमेश) अमेरिकेविरुद्ध २३६-२३२ असा जिंकला. चोवीस बाणांत फक्त चार गुण सोडले. महिला संघानेही मेक्सिकोला २३४-२३३ असे पुन्हा हरवले. पुरुष संघाची बर्लिनची सल इथे निघाली.

एर्मोसियो: हरूनही सर्वांत मोठा दिवस

विश्वचषकाच्या अंतिम फेरीत वर्षभरातले मोजके खेळाडू असतात; प्रत्येक गटात आठ. तिथे कमकुवत प्रतिस्पर्धी मिळण्याची शक्यताच नसते. प्रथमेश पहिल्यांदाच या फेरीत खेळत होता. नुकताच वीस वर्षांचा झालेला.

उपांत्य फेरीत समोर पुन्हा श्लोसर.

शांघायचा निकाल योगायोग होता की नाही, याचे उत्तर इथे मिळणार होते. श्लोसरने या वेळी १४९ केले. म्हणजे शांघायला जेवढे गुण जिंकायला पुरले होते तेवढे. पण प्रथमेशने एकही बाण दहाच्या बाहेर जाऊ दिला नाही: १५०-१४९.

दोन्ही सामने मिळून बेरीज करा. प्रथमेशचे ३०० पैकी २९९, श्लोसरचे २९७. तीस बाणांत फरक दोन गुणांचा, आणि त्या दोन गुणांत दोन सामने. प्रथमेशच्या हंगामातला एकच सामना पाहायचा असेल तर मी शांघायचा अंतिम सामना सोडून हा सांगेन. शांघायला श्लोसरने थोडी जागा दिली होती. इथे त्याने जवळपास काहीच दिले नाही, तरी तो हरला.

अंतिम सामन्यात डेन्मार्कचा माथियास फुलर्टन होता. दोघेही १४८ वर थांबले. शूट-ऑफला प्रथमेशचा बाण दहात, फुलर्टनचाही दहात. मग मोजपट्टी. फुलर्टनचा बाण केंद्राच्या जवळ निघाला आणि सुवर्ण त्याचे झाले. गुणपत्रकावर दोघांत शून्याचा फरक आहे.

या निकालाला ‘हुकले’ म्हणायची आपली सवय आहे. मला ती पटत नाही. आठ चेंडूंत आठ धावा हव्या असताना झेल देणे म्हणजे हुकणे. १५ बाणांत बरोबरी आणि सोळाव्यालाही दहा मारून मिलिमीटरने मागे राहणे याला दुसरा शब्द शोधायला हवा. आणि तो नसेल तर नुसता गुणफलक छापावा.

हांगचौ: जुना हिशेब

आशियाई स्पर्धांत कंपाउंड २०१४ पासून आहे. त्या वर्षी इंचॉनला भारताच्या पुरुषांनी दक्षिण कोरियाला २२७-२२५ असे हरवून सुवर्ण घेतले. २०१८ ला जकार्तात पुन्हा तेच दोन संघ अंतिम सामन्यात आले, २२९-२२९ अशी बरोबरी झाली आणि शूट-ऑफमध्ये कोरिया जिंकला. या दोन्ही संघांत अभिषेक वर्मा होता.

५ ऑक्टोबर २०२३ ला तेच दोन संघ तिसऱ्यांदा अंतिम सामन्यात आले. या वेळी अभिषेकसोबत ओजस आणि प्रथमेश होते. निकाल २३५-२३०. नऊ वर्षांत जिंकणाऱ्या संघाचे गुण २२७ वरून २३५ वर गेले होते. हा खेळ किती वेगाने घट्ट होत गेला ते या दोन आकड्यांत आहे: इंचॉनला १३ गुण सोडूनही सुवर्ण मिळत होते, हांगचौला पाचच गुण सोडून मिळाले.

कोरियन संघातल्या जू जेहूनने छंद म्हणून क्लबात धनुष्य हातात घेतले होते आणि तो अणुवीज कंपनीत नोकरी करणारा माणूस होता. धनुर्विद्येत कोरिया म्हणजे लहानपणापासून घडवलेले व्यावसायिक खेळाडू, असे चित्र आपल्या डोक्यात असते. ते रिकर्व्हबद्दल खरे आहे. कंपाउंड तिथे बराच काळ दुय्यम राहिले, कारण ते ऑलिम्पिकमध्ये नव्हते. भारताला इथे जागा मिळाली त्याचे हेही एक कारण आहे, आणि ते मान्य करायला हरकत नसावी.

हांगचौला कंपाउंडची पाचही सुवर्णे भारताने घेतली. त्यातल्या दोन सामन्यांचा फरक एकेका गुणाचा: मिश्र गटात ज्योती आणि ओजस यांनी कोरियाला १५९-१५८ असे हरवले, महिला संघाने चिनी तैपेईला २३०-२२९ असे. वैयक्तिक अंतिम सामन्यात ज्योतीने कोरियाच्या सो चेवॉनला १४९-१४५ असे हरवले. पुरुषांत ओजसने अभिषेकला १४९-१४७ असे हरवले, अदितीने कांस्य घेतले.

प्रथमेशला वैयक्तिक पदकाची संधी मिळाली नाही. आशियाई स्पर्धेत वैयक्तिक बाद फेरीत एका देशाचे दोनच खेळाडू जातात आणि ते ओजस आणि अभिषेक होते. महिन्याभरापूर्वी १५० मारून श्लोसरला हरवणारा खेळाडू देशात तिसरा ठरतो, यावरून त्या वर्षी भारतीय संघ काय होता ते कळते.

पुढे काय झाले

एक खुलासा आधी, कारण बातम्यांत गोंधळ होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या पुरुष कंपाउंड संघाने फ्रान्सला २३५-२३३ असे हरवून या गटातले देशाचे पहिले जागतिक सुवर्ण घेतले. त्या संघात ऋषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश होता, पण तो प्रथमेश फुगे. नाव तेच, राज्य तेच, धनुष्य तेच, माणूस दुसरा. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर वेगळा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत आर्चरी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, रिकर्व्ह आणि कंपाउंडचे खेळाडू एकाच संघात, देशी आणि परदेशी एकत्र. राजपुताना रॉयल्स पहिला विजेता ठरला. महाराष्ट्राच्या नावाने मायटी मराठाज हा संघ होता. कबड्डीला लीगने घराघरांत नेले तसे इथे होईल का, ते पुढचे दोन-तीन हंगाम सांगतील. पण त्यासाठी प्रेक्षकांना गुण वाचता यायला हवेत. प्रक्षेपणात केंद्रापासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये दाखवले तर निम्मे काम होईल.

सगळ्यात मोठा बदल ऑलिम्पिकचा. २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत कंपाउंड पहिल्यांदाच येत आहे, पण फक्त मिश्र सांघिक प्रकारात. वैयक्तिक गट नाही, पुरुषांचा संघ नाही. एका देशाची एक जोडी: एक पुरुष, एक स्त्री, १६ बाण. ग्वांगजूला याच प्रकाराच्या अंतिम सामन्यात ज्योती आणि ऋषभ यांना नेदरलँड्सच्या जोडीने १५७-१५५ असे हरवले आणि त्या जोडीतला पुरुष माइक श्लोसर होता.

भारतात त्या एका जागेसाठी अभिषेक, ओजस, ऋषभ, अमन आणि दोन्ही प्रथमेश असे किमान सहा दावेदार आहेत. निवड चाचणीचे गुण पेपरात आले तर या वेळी पदकाची वाट न बघता ते वाचा.